रांग मोडतं कोण? थीम पार्कातली पैशाची रांग आणि आपली मुलं

समतेचा प्रश्न पाणवठ्यावर असतो, देवळाच्या दारात असतो, शाळेत, स्मशानात, नोकरीत असतो, हे आपल्या समाजाला कुणी शिकवावं लागत नाही. पण तोच प्रश्न थीम पार्कातल्या पाळण्याच्या रांगेतही उभा आहे असं म्हटलं, की आपलीच माणसं हसतात. "चळवळीला एवढे विषय पडलेत आणि तुम्ही रोलर कोस्टरवर काय लिहिता?" असं आम्हाला तोंडावर विचारलं गेलं आहे. दुसऱ्या बाजूला, दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की वस्तीतलीच माणसं विचारतात, "पोरांना एकदा न्यायचंय, पण तिकडे दिवसभर रांगेतच जातो म्हणे. काय करावं?"

आम्ही दोन्ही प्रश्नांना उत्तर देणार आहोत. कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट शोधायला गेलं की पहिल्याचं उत्तर आपोआप मिळतं.

आधी पहिला प्रश्न. करमणूक हा आपल्या चळवळीचा विषय आहे का? संविधान उघडून बघा. कलम १५ चा दुसरा खंड सांगतो, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं इथे जाण्यापासून रोखता येणार नाही. त्याच खंडात पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते येतात. म्हणजे चवदार तळ्याचं पाणी आणि करमणुकीची जागा, दोन्ही एकाच खंडात बसवलेल्या आहेत. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यातही, जो पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जातीवरून अटकाव करणं हा गुन्हा ठरवला आहे.

हे काही शेवटच्या क्षणी सुचलेलं नव्हतं. पहिल्या गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्य वर्गाच्या संरक्षणाची जी मागणी अल्पसंख्याक उपसमितीपुढे ठेवली, तिच्यात रस्ते, विहिरी, शाळा, वाहनं यांच्या जोडीला नाट्यगृहं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागाही होत्या. अमेरिकेतल्या १८७५ च्या नागरी हक्क कायद्यात अशाच धर्तीची यादी होती. तो कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये मोडीत काढला आणि कृष्णवर्णीयांना करमणुकीच्या जागांचा कायदेशीर हक्क परत मिळायला १९६४ साल उजाडलं. बाबासाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं, की ज्या समाजाला फक्त राबायची परवानगी आहे आणि हसायची, बसायची, खेळायची नाही, तो समाज नागरिक झालेला नाही. चैन वेगळी आणि मोकळ्या वेळेवरचा हक्क वेगळा.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथल्या करमणूक उद्यानांचा इतिहासही बघून घेऊ. डिस्नेलँड १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालं. त्या काळात तिथल्या अनेक शहरांतल्या पाळण्यांच्या बागा फक्त गोऱ्यांसाठी होत्या. वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको पार्कमध्ये १९६० च्या उन्हाळ्यात हॉवर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी गेले आणि लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसले. त्यांना अटक झाली. मग बाहेर महिनोन् महिने निदर्शनं चालली आणि पुढच्या वर्षी ती बाग सगळ्यांना खुली झाली. बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक पार्कमध्ये १९६३ च्या जुलैत धर्मगुरूंसह शेकडो लोकांनी अटक करून घेतली. २८ ऑगस्ट १९६३ रोजी, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग वॉशिंग्टनच्या मोर्चात भाषण करत होते त्याच दिवशी, ती बाग कृष्णवर्णीयांना खुली झाली. अकरा महिन्यांची एक कृष्णवर्णीय मुलगी बापाचा हात धरून त्या घोड्यावर बसली. तेच चक्र पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर आलं.

खुद्द किंग यांनी त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात आपल्या सहा वर्षांच्या लेकीचा उल्लेख आहे. टीव्हीवर जाहिरात बघून तिला अटलांटाच्या फनटाउनमध्ये जायचं होतं, आणि तिथे तिच्या रंगाच्या मुलांना प्रवेश नाही हे बापाला तिला समजावता येत नव्हतं. तुरुंगातून लिहिताना त्यांना करमणुकीची बाग आठवली, कारण विषमता लेकराला पहिल्यांदा बोचते ती अशाच ठिकाणी.

तेव्हा यापुढे कुणी "पाळण्यावर काय लिहिता" म्हणालं, तर त्याला हा इतिहास सांगा.

दार उघडलं, मग रांगेचं काय?

आज आपल्याकडे थीम पार्काच्या दारावर कुणी जात विचारत नाही. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये. तिकीट काढलं की आत. बाबासाहेबांच्या कायद्याने दार उघडलं, एवढं तर झालं. पण आत गेल्यावर जी गोष्ट दिसते तिच्याकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही. आत दोन रांगा असतात. एक साध्या तिकिटाची आणि दुसरी जादा पैसे भरलेल्यांची. हिला कुठे एक्स्प्रेस म्हणतात, कुठे फास्टट्रॅक, कुठे लाइटनिंग लेन. नाव काही असो, अर्थ एकच: तुम्ही आमच्या मागून आलात तरी आमच्या आधी बसाल.

रांग ही साधी गोष्ट वाटते, पण समतेच्या ज्या थोड्या सवयी माणसाने रोजच्या जगण्यात रुजवल्या, त्यातली ती एक आहे. जो आधी आला तो आधी. तुमचं आडनाव, तुमचा पगार, तुमच्या बापाचं पद, काही विचारात घ्यायचं नाही. रांगेत प्रत्येकाचा एक तास हा एकच तास असतो. एस.टी.च्या थांब्यावर ढकलाढकली होते तेव्हा सगळ्यात आधी मागे पडते ती बाई, म्हातारं माणूस, पोर. रांग लागली की त्यांनाही जागा मिळते. म्हणजे रांग दुबळ्याचं रक्षण करते.

आणि रांगेत उभं राहणं आपल्या समाजाला नवीन नाही. रेशनच्या दुकानापुढे, सरकारी दवाखान्याच्या केसपेपर खिडकीपुढे, टँकर आला की हंडे घेऊन, जातीच्या दाखल्यासाठी, जात पडताळणीसाठी, शिष्यवृत्तीसाठी. आपल्या आयाबायांचं आयुष्य रांगेत गेलं. बॅरी श्वार्ट्झ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वाट पाहण्यावर एक पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की समाजात सत्ता जशी वाटली गेलेली असते तशीच प्रतीक्षाही वाटली जाते. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्यासाठी दुसरे थांबतात, ज्याच्याकडे नाही तो दुसऱ्यांसाठी थांबतो. साहेबाच्या केबिनबाहेरचं बाकडं आठवा, म्हणजे पुस्तक न वाचताही मुद्दा कळेल.

रांगांचं गणित शिकवणारे एम.आय.टी.चे प्राध्यापक रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये रांगा आणि सामाजिक न्याय यांचा संबंध जोडणारा लेख लिहिला. त्यांनी दाखवलं, की माणसाला नुसती मिनिटं टोचत नाहीत. आपल्या मागून आलेला पुढे जाताना दिसला, की तीच वाट बघणं असह्य होतं. थीम पार्कवाल्यांना हे शास्त्र तोंडपाठ आहे. म्हणून तर रांगेची वळणं, रंगवलेल्या भिंती, गाणी, पडदे. आणि म्हणूनच बऱ्याच ठिकाणी पैसेवाल्यांची रांग वेगळ्या वाटेने अशी नेलेली असते, की साध्या रांगेतल्याला ती शेवटपर्यंत धड दिसत नाही.

फुकटची सोय विकाऊ कशी झाली

डिस्नेची कहाणी इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण जगभरचे पार्क त्यांच्याकडून शिकतात. पहिली काही दशकं डिस्नेलँडमध्ये कुपनांची वही असायची. ए पासून ई पर्यंत कुपनं, ई म्हणजे सगळ्यात भारी पाळणा. ज्याच्याकडे पैसे कमी तो कमी पाळण्यांवर बसायचा, पण ज्या पाळण्यावर बसायचा त्याची रांग सगळ्यांना एकच. १९८२ मध्ये कुपनं गेली, एकच तिकीट आणि सगळं खुलं. रांग तरीही एकच राहिली.

१९९९ मध्ये त्यांनी फास्टपास आणला. यंत्रात आपलं प्रवेशाचं तिकीट घालायचं, यंत्र एक चिठ्ठी देणार: अमुक वेळेत परत या, छोट्या रांगेने आत जा. आणि ही सोय फुकट होती, प्रत्येक तिकिटाला सारखी. लवकर उठून धावपळ करणाऱ्याला जास्त फायदा व्हायचा हे खरं, पण पाय तर सगळ्यांना असतात, आणि ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी वेगळी तरतूद होती. ही सोय वीस वर्षं चालली. मग करोनाच्या काळात बंद पडली, आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये परत आली तेव्हा विकाऊ होऊन आली. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये माणशी दिवसाला १५ डॉलरपासून सुरुवात झाली आणि सगळ्यात लोकप्रिय पाळण्यांचे पैसे वेगळे. २०२४ मध्ये त्यातही नवी पायरी आली, प्रीमिअर पास. एका माणसाला, एका दिवसासाठी, एका पार्कात, मोठ्या गर्दीच्या दिवशी याची किंमत ४०० डॉलरच्याही वर गेली. आणि हे प्रवेशाच्या तिकिटाशिवाय.

आता पायऱ्या मोजा. सगळ्यात खाली साधी रांग. तिच्यावर मल्टी पास. तिच्यावर एकेका पाळण्याचा वेगळा पास. तिच्यावर प्रीमिअर. आणि त्याच्याही वर, सोबत वाटाड्या घेऊन फिरणारे व्हीआयपी.

बाबासाहेबांचा वाचक इथे थबकल्याशिवाय राहणार नाही. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द त्यांनी आपल्याला दिला. साधी विषमता असती तर खालचे सगळे मिळून वरच्याविरुद्ध उठले असते. पण श्रेणी असली की मधल्या प्रत्येकाला कुणीतरी आपल्या खाली आहे याचं समाधान असतं, आणि ते समाधान गमवायला तो तयार नसतो. मल्टी पासवाला प्रीमिअरवाल्याकडे बघून चरफडतो, पण साध्या रांगेकडे बघून सुखावतो. म्हणून तो साध्या रांगेच्या बाजूने कधीच बोलत नाही.

आम्ही पैशाची रांग म्हणजे जात असं म्हणत नाही. जात जन्माने चिकटते, पास विकत घेता येतो. जातीचा अपमान आणि पासचा त्रास एका तराजूत घालणं म्हणजे आपल्या पूर्वजांनी जे सोसलं ते स्वस्त करणं. कलम १५ सुद्धा किमतीवरून होणाऱ्या फरकाला हात लावत नाही, हेही स्पष्ट आहे. पण या देशात पैसा कुणाकडे आला आणि कुणाकडे येऊ दिला नाही, याचा इतिहास जातीने लिहिला आहे. तेव्हा दोन रांगांपुढे उभं राहून आडनावं विचारली, तर कोणती आडनावं कुठे जास्त सापडतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

साध्या रांगेचं गणित

"पण ते जादा पैसे भरतात, तुमचं काय जातं?" हा नेहमीचा प्रश्न. आपलं काय जातं ते गणिताने बघू.

समजा एका पाळण्यावर तासाला १००० माणसं बसू शकतात. तुम्ही आलात तेव्हा पुढे ५०० माणसं आहेत. रांग एकच असेल तर तुमचा नंबर अर्ध्या तासात. तुमच्या मागून आलेले तुमच्या मागे. आता समजा शेजारी पैशाची रांग आहे आणि पाळण्याच्या तासाच्या १००० जागांपैकी ७०० तिकडे जातात. साध्या रांगेला उरल्या ३००. तेच ५०० लोक पुढे असताना तुम्हाला आता १०० मिनिटं लागतील. या १०० मिनिटांत अकराशेहून जास्त माणसं तुमच्या शेजारून जाऊन बसतील, आणि त्यातली बहुतेक तुमच्या नंतर आलेली असतील. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण यंत्रणा हीच आहे. पाळण्याच्या जागा वाढत नाहीत. पासवाल्याला मिळालेली ७० मिनिटं हवेतून येत नाहीत, ती साध्या रांगेतल्या बाईच्या, पोराच्या दिवसातून काढलेली असतात.

"मग रेल्वेत फर्स्ट क्लास नाही का? सिनेमाला बाल्कनी नाही का?" आहे. पण फर्स्ट क्लासवाल्याची गादी मऊ असली म्हणून जनरल डब्याची गाडी उशिरा पोचत नाही. दोन्ही डबे एकाच वेळी कल्याणला लागतात. बाल्कनीवाल्याने जास्त पैसे दिले म्हणून खाली बसलेल्याचा सिनेमा तासभर उशिरा सुरू होत नाही. तिथे जादा पैशाने जादा आराम विकत मिळतो. इथे जादा पैशाने दुसऱ्याचा वेळ विकत मिळतो, आणि ज्याचा वेळ विकला गेला त्याला त्यातलं काहीच मिळत नाही. पैसे पार्कच्या गल्ल्यात जातात.

आणखी एक युक्तिवाद असतो, की या जादा कमाईमुळे साधं तिकीट स्वस्त राहतं. डिस्नेकडे बघा. पास विकाऊ झाले, म्हणून प्रवेशाची तिकिटं काही स्वस्त झाली नाहीत. आणि यातली खरी मेख वेगळीच आहे. पास विकायचा तर साधी रांग लांब असायलाच हवी. रांग दहा मिनिटांची असेल तर पास घेणार कोण? म्हणजे ज्या धंद्याने रांग कमी करायची, त्याचाच फायदा रांग लांब राहण्यात. मायकेल सँडेल यांच्या पैशाने काय विकत घेता येऊ नये यावरच्या २०१२ च्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच रांग मोडण्यावर आहे, ते उगाच नाही.

पोरांना उत्तर काय द्यायचं?

आम्ही अभ्यासिकेतल्या मुलांना घेऊन एका पार्कात गेलो होतो. वर्गणी काढून, घासाघीस करून सवलतीची तिकिटं मिळवली होती. मुलं पाऊण तास उन्हात उभी होती. शेजारच्या वाटेने एक कुटुंब आलं, मनगटाला रंगीत पट्टी, आणि सरळ आत. थोड्या वेळाने तेच कुटुंब दुसऱ्यांदा. सहावीतला एक मुलगा म्हणाला, "दादा, ते आपल्या मागून आले ना?" दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं, "अरे, त्यांचं वेगळं असतं."

या उत्तराची आम्हाला काळजी वाटते. पोराला राग आला असता तर चाललं असतं. त्याला ते स्वाभाविक वाटलं. 'त्यांचं वेगळं असतं' हे वाक्य आपल्या आज्याने पाटलाच्या वाड्याकडे बघून म्हटलं असेल. ते वाक्य खोडायलाच महाडला माणसं जमली होती. नातवाने ते पाळण्याच्या रांगेत परत म्हणावं, हे आपल्याला परवडणारं नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत आम्ही मुलांना वरचंच गणित घातलं. १००० जागा, ७०० तिकडे. सातवीच्या मुलीने ते तोंडी सोडवलं आणि मग म्हणाली, "म्हणजे आपला नंबर त्यांनी विकला." तिला नेमकं कळलं.

आरक्षणावर बोलणाऱ्यांना दोन शब्द

रांग मोडण्याचा आरोप आपल्यावर किती सहज केला जातो, हे वेगळं सांगायला नको. "आम्ही रांगेत उभे, आणि तुम्ही आरक्षणाने पुढे." अमेरिकेतही हेच ऐकू येतं. आर्ली होशचाइल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लुइझियानातल्या गोऱ्या मतदारांचा अभ्यास करून २०१६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्या मनातली गोष्ट बाईंनी अशी मांडली, की आपण स्वप्नाच्या रांगेत उभे आहोत आणि कृष्णवर्णीय, स्त्रिया, स्थलांतरित मधेच घुसत आहेत.

आता हीच माणसं, इथली आणि तिथली, सुट्टीत पोराबाळांना घेऊन पार्कात जातात आणि एक्स्प्रेस पास काढतात. देवळात जातात आणि पैसे भरून दर्शनाची वेगळी रांग धरतात. तिरुमलाला तीनशे रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन मिळतं. पोराला गुण कमी पडले तर खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात एनआरआय कोट्याची जागा बघतात. तिथे कुणाला गुणवत्ता आठवत नाही, रांग आठवत नाही. पैशाने रांग मोडली की ती 'सुविधा', आणि शतकानुशतकं ज्यांना रांगेत उभंच राहू दिलं नाही त्यांना संविधानाने जागा दिली, की ती 'घुसखोरी'!

रांगेचा न्याय कधी खरा असतो? सगळ्यांना एकाच दारातून, एकाच वेळी आत सोडलं असेल तेव्हा. ज्याला दाराबाहेर अडवून ठेवलं, त्याला नंतर आत घेऊन "आता मागे उभा राहा" म्हणणं हा न्याय नाही. थीम पार्कातही याचं उदाहरण आहे. ज्या मुलाला स्वमग्नतेमुळे गर्दीच्या रांगेत उभं राहणं अशक्य आहे, त्याच्यासाठी डिस्नेची वेगळी सोय आहे. तो रांगेत उभा राहत नाही, पण साधारण रांगेइतकीच वाट बाहेर बसून बघतो आणि मग आत जातो. तो कुणाचा वेळ हिरावत नाही, फक्त त्याची अडचण मोजली जाते. आणि या सोयीचा गैरवापर कुणी केला? पैसेवाली कुटुंबं अपंग व्यक्तींना भाड्याने सोबत घेऊन रांगा टाळतात अशा बातम्या २०१३ मध्ये आल्या, आणि डिस्नेला जुनी पद्धत मोडून नवी आणावी लागली. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले, आणि त्याचा फटका खऱ्या गरजूंनाही बसला. खोटा दाखला काढणारे आणि त्यापायी खऱ्या हक्कदाराची होणारी छळवणूक आपण आरक्षणातही रोज बघतो.

मग काय करायचं? जायचंच नाही?

अजिबात नाही. जा. पोरांना घेऊन जा. आपली मुलं फक्त मोर्च्यात आणि अभ्यासिकेत दिसावीत असं आम्हाला वाटत नाही. त्यांनी किंचाळावं, भिजावं, हसावं. मात्र अक्कलहुशारीने जा. पास न काढताही रांग बरीच टाळता येते.

शनिवार-रविवार, जोडून आलेल्या सुट्ट्या, दिवाळी आणि मे महिना टाळा. आपल्या हातावर पोट असलेल्या माणसांना आठवड्यात खाडा परवडत नाही हे माहीत आहे, म्हणून शाळेच्या स्थानिक सुट्टीचा एखादा मंगळवार-बुधवार आधीच ठरवा. गट करून जा. बऱ्याच पार्कांत शाळांच्या आणि मोठ्या गटांच्या तिकिटाला सवलत असते, फोन करून लेखी दर मागा.

दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचा. बहुतेक लोक आत शिरल्यावर फोटो काढतात, नाश्ता करतात आणि जवळच्या पाळण्यावर चढतात. तुम्ही सरळ सगळ्यात लोकप्रिय पाळण्याकडे जा. पहिल्या तासात जे दोन-तीन मोठे पाळणे उरकतात, त्यांनाच दुपारी तास-तास लागतो. जेवण साडेअकराला किंवा अडीचनंतर करा, सगळे जेवत असतात तेव्हा रांगा आखडतात. भर दुपारी छताखालचे खेळ आणि कार्यक्रम घ्या. शेवटच्या तासात लोक घरी निघतात, तेव्हा राहिलेला मोठा पाळणा गाठा.

मुलांची उंची घरीच मोजून घ्या. तासभर थांबून दारात "उंची कमी आहे" ऐकणं लेकराला फार लागतं. पार्काच्या ॲपवर किंवा फलकावर प्रतीक्षेची वेळ दिसत असेल तर ती फुकट आहे, वापरा.

नोकरीनिमित्त अमेरिकेत असलेले आपले बांधव हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: एकेकट्याने बसायची तयारी असेल तर 'सिंगल रायडर'ची रांग बऱ्याच पार्कांत असते, रिकाम्या राहिलेल्या एकेका जागेवर ती बसवते. तिने कुणाचं नुकसान होत नाही, उलट जागा वाया जात नाहीत. तान्हं मूल सोबत असेल तर 'रायडर स्विच' मागा. आई-बापांपैकी एक आधी बसतो, दुसरा मुलाला सांभाळतो, मग दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग न लावता सोडतात. दोन्ही सोयी फुकट आहेत, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आणि एक गोष्ट. पाळण्याच्या दारातल्या पोरावर चिडू नका. तो आठ-दहा तास उन्हात उभा असतो, बहुधा कंत्राटावर, आणि बहुधा आपल्यासारख्याच वस्तीतून आलेला. रांगा त्याने ठरवलेल्या नाहीत.

जाणं जसं करा, तसं बोलणंही करा. आमच्या मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक पाळण्यावर दोन्ही रांगांची प्रतीक्षा फलकावर लिहा, म्हणजे तिकीट काढणाऱ्याला आपण काय विकत घेतोय ते कळेल. पैशाच्या रांगेला तासाच्या किती जागा देणार याला कमाल मर्यादा घाला आणि ती जाहीर करा. साध्या रांगेत सावली, पिण्याचं पाणी आणि म्हाताऱ्यांना टेकायला जागा द्या. डिस्नेने वीस वर्षं जी वेळेची चिठ्ठी फुकट दिली ती पद्धत आणा, आज तर मोबाइलवर ती अधिक सोपी आहे. आणि जिथे पार्काला सरकारी जमीन किंवा करसवलत मिळालेली असेल, तिथे वसतिगृहांतल्या आणि आश्रमशाळांतल्या मुलांसाठी वर्षातले काही दिवस राखून ठेवण्याची अट सरकारने घालावी. जनतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या जागेत जनतेच्या पोरांना मागे ढकलता येणार नाही.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जी रांग लागते ती जगाने बघावी अशी असते. गावागावातून आलेली माणसं, डोक्यावर गाठोडं, हातात लेकरू, तास न् तास उभी. नेतेमंडळींच्या गाड्या येतात-जातात, त्यावर आम्ही वेगळं लिहिलं आहे आणि लिहीत राहू. पण तिथे पैसे भरून पुढे जायची खिडकी नाही, आणि ती कुणी उघडायला गेला तर हा समाज त्याला उघडू देणार नाही. डॉक्टर, प्राध्यापक, सफाई कामगार, शेतमजूर एकामागे एक उभे राहतात. ज्या समाजाने एवढी मोठी रांग स्वतःच्या शिस्तीने उभी केली, त्याला रांगेचा अर्थ पार्कवाल्यांकडून शिकायची गरज नाही. उलट त्यांनाच तो शिकवायचा आहे.

तेव्हा या सुट्टीत पोरांना न्या. रांगेत त्यांच्यासोबत उभे राहा. आणि कुणी "त्यांचं वेगळं असतं" म्हणालं, तर तिथल्या तिथे त्याला १००० जागांचं गणित घाला.

जय भीम!